आभाळरंगावरची बिबडी

फैजपूरहून धाकट्या जावेचा डबा आला आणि द्वारकाबाई फालकांच्या डोक्यात जी तिडीक गेली ती दिवेलागणीपर्यंत उतरली नाही.

डब्यात बिबडी होती. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाटायची, लसूण-मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा, तो ओल्या कापडावर हातानं थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. खानदेशात उन्हाळ्यात घरोघर होतात ती ही बिबडी. वर जावेच्या हातची चिठ्ठी होती. 'मोठ्या बाईंना नमस्कार. तुम्हाला आता गच्ची नाही म्हणून पाठवते. गोड मानून घ्या.'

"गच्ची नाही म्हणे," द्वारकाबाई म्हणाल्या. "चार मजल्यांच्या डोक्यावरचे पत्रे उडाले का काय माझ्या? आणि हे बिबडं पाह्य. जाडी पाह्य त्याची. चपलेचा तळ निघेल ह्यातून."

त्यांची सून हर्षला जेवणाच्या टेबलावर कॉलेजचे पेपर तपासत बसली होती. ती फिजिक्स शिकवायची. मान वर न करता म्हणाली, "चांगली झालीत हो, जिजी. मी खाल्लं एक."

"चांगली असतील की. मेलेल्या माणसालाही लोक चांगलंच म्हणतात."

चाळीस वर्षं द्वारकाबाईंची बिबडी भुसावळातून चौदा घरी जात होती. ह्या धाकट्या जावेला, सिंधूला, तर त्यांनीच हाताला धरून शिकवलेली. लग्न होऊन आली तेव्हा घाटा ढवळताना बोटाला फोड आला म्हणून दिवसभर मुसमुसत बसली होती. आता तीच डबा पाठवते, वर गोड मानून घ्या म्हणते. देणारी बाई घेणारी झाली की तिच्या अंगातून काहीतरी निघून जातं. ते कुठल्या डॉक्टरला दाखवता येत नाही.

गच्ची होती. पण तीन उन्हाळ्यांपासून ती माणसांची राहिली नव्हती.

त्याआधीची दोन वर्षं भुसावळचा पारा अठ्ठेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. घराघरात एसी, एसीची गरम हवा बाहेर, बाहेर आणखी तापलं म्हणून एसी आणखी जोरात. कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर एका मे महिन्यात दोनदा जळाला. तेव्हा हर्षलानं कॉलनीतल्या अकरा इमारतींना एका मांडवाखाली बसवलं आणि एक नवा रंग त्यांच्यापुढे ठेवला. लोक त्याला आभाळरंग म्हणायला लागले.

सासूला तिनं तो स्वयंपाकघरातच समजावला होता. "जिजी, गॅस बंद केल्यावर तव्याजवळ नुसता हात नेला तरी धग लागते ना? तापलेली प्रत्येक वस्तू अशी धग सोडते. न दिसणारे किरण असतात ते. आपली गच्चीही सोडते. पण वरच्या हवेत वाफ आहे, आपण गाड्या आणि कारखाने चालवून सोडलेला कार्बन वायू आहे. ते ती धग अडवतात आणि पुन्हा खाली टाकतात. भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं."

"मग?"

"त्या झाकणाला एक भोक आहे. किरणांचा एक पट्टा असा आहे की हवा त्याला अडवतच नाही. तो नीट बाहेर जातो, पार अंतराळात. तिथं उणे दोनशे सत्तर अंश थंडी. ह्या रंगातले कण असे घडवलेत की ते आपली धग त्या भोकातूनच बाहेर सोडतात. आणि वरून पडणाऱ्या उन्हाचे शंभरातले सत्त्याण्णव भाग परत फेकतात. येतं थोडं, जातं जास्त. म्हणून भर दुपारी गच्ची हवेपेक्षा दहा-अकरा अंशांनी गार राहते. वीज न लावता."

"गच्ची गार राहून मला काय? मी काय गच्चीवर झोपते दुपारची?"

"रंगाखाली पाण्याच्या नळ्या आहेत. गार झालेलं पाणी प्रत्येक घराच्या छतातून फिरतं. लहानसा पंप पुरतो त्याला."

द्वारकाबाई तिसरी शिकलेल्या. पण झाकण आणि भोक ही गोष्ट त्यांना बारावीच्या पोरांपेक्षा लवकर कळली. मांडवातल्या बायकांना ती त्यांनीच सांगितली, आणि हर्षलाच्या तक्त्यांपेक्षा त्यांच्या तोंडाळपणानं जास्त सह्या मिळाल्या. अकरा इमारतींनी एसी काढले. वाचलेली वीज फाटकाजवळच्या चार्जिंगला दिली. पेट्रोलच्या स्कुटरी विकून कॉलनीनं सामाईक रिक्षा घेतल्या, एक छोटी बस घेतली, सगळ्या विजेवरच्या. ट्रान्सफॉर्मर एकच. त्यामुळे एक जरी इमारत मागे फिरून एसी लावती तर गाड्या जागेवर उभ्या राहिल्या असत्या, आणि मग उरलेल्या दहा कशाला थांबतील?

गच्चीवर काही ठेवायचं नाही, हा करारातला पहिला नियम. धूळसुद्धा नको, धूळही भोक बुजवते. म्हणून दर गुरुवारी गच्ची धुवायची. ते काम द्वारकाबाईंनी मागून घेतलं होतं, किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. वाळवणाचं काय करायचं, हे सह्यांच्या वेळी एकाही बाईच्या डोक्यात आलं नाही. द्वारकाबाईंच्याही नाही. चाळीस वर्षं गच्चीवर राबलेली बाई, आणि तिलाच गच्ची देऊन टाकताना गच्ची आठवली नाही. हे त्यांना आत कुठेतरी डसत राहायचं.

वाळवणासाठी कॉलनीनं मागाहून काचेची सौरपेटी बसवली. एका वेळी दीड किलो माल. द्वारकाबाईंच्या मते तिच्यातल्या बिबड्याला वहीच्या पुठ्ठ्याची चव यायची.

डबा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाच किलो ज्वारी मोरीतल्या बादलीत भिजत घातली आणि वर परात उपडी केली. त्यांचा मुलगा लीलाधर, शेती-अवजारांचं दुकान चालवणारा गरीब स्वभावाचा माणूस, तिसऱ्या दिवशी नाकाला हात लावून म्हणाला, "जिजी, मोरीतून आंबट वास येतोय."

"पाइप तुंबला असेल. कधीची सांगते तुला."

बिचारा अर्धा तास पाइपात हात घालून बसला.

रविवारी इमारतीचे अध्यक्ष खाचणे ह्यांच्या मुलीचं सावद्याला लग्न होतं. सकाळी आठलाच बस भरून निघाली. द्वारकाबाईंनी गुडघा धरला. हर्षला राहते म्हणाली, तर त्यांनी तिला ओरडून बसमध्ये बसवलं. इमारतीत मागे राहिल्या त्या एकट्या, आणि चौथ्या मजल्यावरचं बेंडाळ्यांचं जोडपं. एकनाथनाना बेंडाळे रेल्वेत गार्ड होते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून डावी बाजू गेलेली, जीभ जड. त्यांची बायको कौतिक तीन वर्षांत भाजीला सोडून खाली उतरली नव्हती.

द्वारकाबाई घाट्याचं पातेलं घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"हे काय व जिजी? तुमचा गुडघा?"

"सावद्याला गेला लग्नाला. चल वर. दोन हात कमी पडतायत."

कौतिकनं पातेल्यात पाहिलं. वासानंच तिचा चेहरा बदलला. "हर्षलाला कळलं तर?"

"एक कोपरा, एक दिवस. चार वाजता ऊन कमी झालं की सगळं आवरायचं. नाना कुठे पळून चाललेत?"

कौतिकनं आत जाऊन नवऱ्याला पाणी पाजलं, झळा येऊ नयेत म्हणून खिडक्या लावल्या, पंखा चालू ठेवला आणि पदर खोचून आली.

जागा द्वारकाबाईंनी विचार करून निवडली होती. पाण्याच्या टाकीमागचा कोपरा. शेजारच्या इमारतींतून तो दिसत नसे. रंगाला मिरचीचा डाग पडला तर हर्षलाच्या जिवाला लागेल, म्हणून त्यांनी लीलाधरच्या दुकानातल्या दोन मोठ्या ताडपत्र्या आणल्या होत्या. काळ्या आणल्या, तेही मुद्दाम. गच्ची गार, तिच्यावर बिबडी खालून ओलीच राहतील. काळं तापतं, वर-खाली दोन्हीकडून वाळतील. एवढा हिशोब सुनेनंही केला नसता, असं त्यांना वाटलं. ताडपत्र्यांवर ओल्या साड्या अंथरल्या आणि दोघी मांडी ठोकून बसल्या.

"हे काय थापलंस?" थोड्या वेळानं द्वारकाबाईंनी विचारलं. "हा नकाशातला कुठला जिल्हा?"

"जळगाव."

"मग यावल कुठे गेलं?"

"यावलच्या लोकांचं जळगावाशी पटत नाही, त्यांनी वेगळं बिबडं मागितलंय."

"कौतिके, तीन वर्षं गप्प बसून तुझी जीभ धारदार झाली व. आणि हात मात्र सिंधूवर गेला."

"सिंधूचं बिबडं खाल्लं मी, हर्षलानं वर आणून दिलेलं. आमच्या नानांचे दात पडले असते, पण ते आधीच पडलेत."

अकराला कौतिक खाली जाऊन आली. "झोपलेत," म्हणाली. मग दोघींनी राहिलेला घाटा संपवला. डोक्यावर ओला पंचा, हाताला मिरचीची आग, वर पांढरं फटफटीत आभाळ. अडीचशेच्या वर बिबडी पडली होती. साड्या सुकून कडकडीत झाल्या, काळी ताडपत्री उघडी पडली तिथे पाय ठेववेना. द्वारकाबाई कित्येक दिवसांनी आपल्या जागेवर बसल्यासारख्या बसल्या होत्या. दीड वाजता कौतिक पाणी आणायला उतरली.

जिन्यातून एकच हाक आली. "जिजी."

खोलीत शिरताच द्वारकाबाईंच्या तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. पंखा फिरत होता आणि गरम हवाच फेकत होता. नाना डोळे अर्धवट उघडे ठेवून पडले होते. अंग तापलेलं, कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही. द्वारकाबाईंनी ओली चादर त्यांच्यावर टाकली, फाटकावरच्या रिक्षावाल्याला वर बोलावलं, आणि तिघांनी नानांना खुर्चीत घालून चार जिने उतरवले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर आणायची गरज पडली नसती.

कौतिक बाकावर भिंतीला टेकून बसली होती. हाताला घाटा वाळून चिकटलेला. द्वारकाबाईंनी तिचे हात नळाखाली धरले आणि स्वतःच्या हातांनी धुतले.

"कुणाला काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "तू खाली होतीस. मी माझ्या घरी होते. समजलं?"

कौतिकनं मान हलवली. ती मान हलवण्यापलीकडे काही करण्यासारखी नव्हतीच.

पावणेतीनला द्वारकाबाई परत आल्या, ताडपत्र्या उचलल्या, बिबडी साड्यांसकट गुंडाळून पलंगाखाली ढकलली, कोपरा धुतला. संध्याकाळी लग्नाची बस आली तेव्हा त्या गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या.

नानांचं कळताच हर्षलानं सासूकडून किल्ली घेतली आणि कपडे न बदलता गच्ची गाठली. तिथे भिंतीला एक डबी होती, दर दहा मिनिटांनी प्रत्येक घरावरच्या रंगाचं तापमान टिपणारी. प्रत्येक उभ्या ओळीची नळी वेगळी, नोंदही वेगळी. बेंडाळ्यांची सोडून सगळ्या ओळी दिवसभर छत्तीसवर. बेंडाळ्यांची पावणेअकराला वर निघाली ती एक वाजता एकसष्टवर. वरचं पाणी खोलीपेक्षा गरम झालं की पंप आपोआप थांबतो. ह्या ओळीचा थांबला होता. आणि तीननंतर ती रेघ पुन्हा खाली, जशी काही झालंच नाही.

"रंग मेला असता तर मेलेलाच राहिला असता," ती लीलाधरला म्हणाली. "चार तास मरून परत कसा जगेल?"

मग सासूकडे वळली. "जिजी, कुणी गेलं होतं का आज वर?"

"मला काय विचारते? मी गुडघा धरून पडले होते."

"किल्ली?"

"माझ्या कमरेलाच होती दिवसभर."

हर्षलानं पुन्हा एकदा विचारलं, हळू आवाजात. द्वारकाबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा खोटं बोलायला कमी त्रास पडतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ते कळल्याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

पुढचे सहा दिवस घरात कुणी एका जागी बसलं नाही. हर्षला दुपारी कॉलेजातून येऊन बेंडाळ्यांच्या ओळीवर उन्हात उकिडवी बसायची. रंगाचे तुकडे खरवडून पाकिटात भरायची. ज्या कंपनीनं रंग दिला त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, असं होऊच शकत नाही. ती म्हणाली, झालंय. पुण्याहून बेंडाळ्यांचा मुलगा पराग आला. दवाखान्यात आईला विचारून थकला. ती तोंडात पदर धरून बसायची. मग तो घरोघर फिरला. दुसऱ्या मजल्यावर कुणी म्हणालं, आमचंही छत मधूनच गरम लागतं. तिसऱ्यावर कुणी म्हणालं, मला तर पहिल्यापासूनच भरवसा नव्हता. शेजारच्या दोन इमारतींनी एसीवाल्याला मापं घ्यायला बोलावलंसुद्धा. फाटकावर उभं राहून लोक हर्षलाकडे बघायचे आणि ती जवळ आली की रिक्षा कधी येईल ह्याबद्दल बोलायचे.

द्वारकाबाई हे सगळं बघत होत्या. भाजी निवडायला घ्यायच्या, अर्धी निवडून उठायच्या. देवापुढे बसायच्या, दिवा लावायचं विसरायच्या. पलंगावर पडलं की खाली गुंडाळलेलं बोचकं पाठीला टोचतंय असं वाटायचं. मध्ये गादी होती, लाकूड होतं, तरी. एकदा हर्षला जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "माझं काहीतरी चुकलंय, जिजी. मला दिसत नाहीये." त्यांनी तिच्या ताटात भाकरी वाढली. ती तिनं खाल्ली नाही.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक बसली. पूर्वी जिथे स्कुटरी असायच्या तिथे आता सतरंज्या. मध्ये टेबल, टेबलामागे खाचणे, मुलीच्या लग्नाची मेंदी अजून तळहातावर आणि चेहरा सुतकातला.

पराग उभा राहिला. वाईट मुलगा नव्हता तो. "मला कुणाशी भांडायचं नाही," म्हणाला. "पण माझा बाप उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही. त्याच्या छतावर तुम्ही प्रयोग केलात. आमच्या घरात एसी लागेल. तुमचा करार तुमच्यापाशी ठेवा."

"एक लागला की सगळे लागणार," मागून कुणीतरी म्हणालं.

"लागू देत मग. माणूस मोठा की करार?"

सगळ्यांनी हर्षलाकडे पाहिलं. ती उठली. सहा दिवसांत तिचे गाल आत गेले होते.

"परागदादांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी रंग चालला नाही. का चालला नाही, ते मला सापडलेलं नाही. सापडत नाही तोवर कुणालाही त्याच्याखाली झोपा म्हणायचा मला अधिकार नाही. एसी परत लावायचा ठराव मीच मांडते. आणि मी समितीतून बाहेर पडते."

द्वारकाबाई बायकांच्या रांगेत खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, हर्षला भांडेल. आकडे दाखवील, कुणाला तरी गप्प करील. भांडली असती तर त्यांना तिच्या बाजूनं भांडता आलं असतं. ते त्यांना जमत होतं. पण ही पोर न केलेलं पाप अंगावर घेत होती, आणि तेही इतक्या नीट वाक्यांत, की त्यांना बसवेना.

"खाचणेभाऊ," त्या म्हणाल्या, "ठराव थांबवा."

"जिजी, तुमचं नंतर ऐकतो."

"नंतर मी बोलणार नाही, मला माहिताय मी कशी आहे. आत्ता ऐका." त्या खांबाला धरून उठल्या. "रंग चालत होता. भोकाला बूच मी मारलं. रविवारी टाकीमागे दोन ताडपत्र्या टाकल्या, काळ्या, आणि त्यांच्यावर बिबडी घातली. खाली नानांची खोली आहे हे मला माहीत होतं. ताडपत्री तापते हेही माहीत होतं, म्हणूनच काळी घेतली. दोन्ही गोष्टी एकत्र करून बघितल्या नाहीत. सुनेनं दोनदा विचारलं, दोनदा खोटं सांगितलं."

कौतिक उठायला लागली. "जिजी, मी पण वर—"

"तू गप्प. तुला मी ओढून नेली."

"आई?" पराग म्हणाला. कौतिक खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

द्वारकाबाई सुनेकडे बघत होत्या. हर्षला ओरडेल, रडेल, उठून जाईल, कशालाही त्या तयार होत्या. हर्षलानं टेबलावरचा लॅपटॉप पुढे ओढला.

"ताडपत्री किती वाजता टाकली?"

"साडेदहा झाले असतील. खाली दुधाची रिक्षा आली होती."

"उचलली कधी?"

"पावणेतीनला. दवाखान्यातून आल्यावर."

"दोन्ही एकाच ओळीवर?"

"टाकीपासून कठड्यापर्यंत."

हर्षलानं पडदा लोकांकडे फिरवला. त्यावर रेघ होती. पावणेअकराला वर चढलेली, तीननंतर उतरलेली. तिनं बोट ठेवून दाखवलं. मग खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडतेय की हसतेय ते कुणाला कळेना. तशीच तोंड झाकून म्हणाली, "मी खरवडून खरवडून अर्धा कोपरा घालवला, जिजी."

"हो."

"तुम्ही रोज बघत होता."

"हो," द्वारकाबाई म्हणाल्या.

मत झालं. एकोणीस घरं रंगाच्या बाजूची, अकरा विरुद्ध, दोघांनी हात वर केलाच नाही. गच्चीचं तापमान चढलं की घराघरात घंटा वाजेल अशी सोय करायचं ठरलं. गच्चीची किल्ली खाचण्यांकडे गेली, गुरुवारचं धुणं दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे. द्वारकाबाईंनी किल्ली स्वतः काढून टेबलावर ठेवली. खाचण्यांनी ती उचलून खिशात टाकली. कुणी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. परागनं आई-वडिलांना पुण्याला न्यायचं काढलं. कौतिक म्हणाली, मी नाही येत, आणि नानांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. शेवटी तो एकटाच गेला, आणि जाताना द्वारकाबाईंच्या दारावरून सरळ गेला.

घरात हर्षला कामापुरतं बोलत होती. चहा झाला, गॅस संपला, लीलाधर उशिरा येईल. शिव्या दिल्या असत्या तरी चालल्या असत्या. हे सभ्य वागणं द्वारकाबाईंना पचत नव्हतं. पलंगाखालचं बोचकं त्यांनी गाईपुढे टाकलं. गाईनं हुंगलं आणि खाल्लं, तिला कुणाचं काही वाकडं नव्हतं.

नाना नवव्या दिवशी घरी आले. द्वारकाबाई दोन दिवस वर गेल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यात असं दार नव्हतं जिथे त्यांना उंबऱ्याशी घुटमळावं लागलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षला पेपर तपासता तपासता, मान वर न करता म्हणाली, "वर जाऊन या, जिजी."

त्या गेल्या. कौतिकनं दार उघडलं, "बसा, चहा टाकते" म्हणून आत वळली. खोली गार होती. नाना उशीला टेकून पडले होते, चेहऱ्याची कातडी सैल झालेली, डोळे मात्र जागे.

"या," ते म्हणाले. शब्द जिभेवर वळवून वळवून बाहेर काढावा लागत होता त्यांना. "बसा."

"बसायला नाही आले. नाना, त्या दिवशी मी—"

"कौतिकनं... सांगितलं."

"सगळं?"

त्यांनी मान डोलावली. रागाचं काही दिसेना त्यांच्या तोंडावर. तेच द्वारकाबाईंना सहन होईना. कुणी रागवेना म्हणून त्या स्वतःच रागावल्या.

"पण तुम्हाला कळलं नाही का हो खोली तापतेय ते? एक हाक मारता आली नसती? उजवा हात शाबूत आहे तुमचा, भिंत वाजवायची, ग्लास खाली टाकायचा. आम्ही डोक्यावरच होतो तुमच्या."

नाना छताकडे बघत राहिले.

"कळत होतं," ते म्हणाले. "लवकरच... कळलं."

"मग?"

"वरून आवाज येत होता. तुमचा आणि... हिचा." त्यांनी स्वयंपाकघराकडे डोळे वळवले. "हसत होती. मला झटका आला त्यानंतर... मी ऐकलं नव्हतं. म्हटलं, थोडं थांबू. मग म्हटलं, आणखी थोडं." दम लागला म्हणून ते थांबले. "मग गुंगीच आली."

द्वारकाबाईंनी त्यांच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली. मग त्या म्हणाल्या, "वेडे आहात का हो तुम्ही," पण आवाज त्यांचा स्वतःचा वाटेना.

"तिला... सांगू नका."

कौतिक बशीवर कप धरून बाहेर आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग द्वारकाबाईंकडे. "काय म्हणत होते?"

पार्किंगमध्ये बत्तीस घरांसमोर खरं बोलून आलेली बाई. अजून आठवडाही झाला नव्हता. नानांनी डोळे मिटून घेतले होते.

"काही नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुझा चहा फार गोड असतो म्हणत होते."

"अस्सं? आणि दवाखान्यात तोच मागत होते लहान पोरासारखे," कौतिक म्हणाली आणि हसली, थोडंसंच.

नाना डोळे मिटूनच पडले होते, मान जराशी तिच्या बाजूला कललेली. द्वारकाबाई कप हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना बसवेना, आणि निघवेना.